बू मरहानाकडे सगळं छान

"सगळं छान चाललंय, पोरी. अल्लाची कृपा," बू मरहाना म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

उल्फियाने वहीत त्यांच्या नावापुढे आडवी रेघ ओढली. सकाळपासूनची ही नववी रेघ. नऊ घरं, नऊ फोन, आणि नऊही ठिकाणी सगळं छान. तापे गोड उतरतंय, कसावा चांगला मिळतोय, कामाला बाया आहेत, गिऱ्हाईक खूश आहे. फक्त विरजण तेवढं कुणाला नको होतं. "आहे अजून शिल्लक." "पुढच्या आठवड्यात बघू." "सून बाहेर गेलीय, ती आली की सांगते." त्या सुनेला बाहेर जाऊन तीन आठवडे झाले होते.

बोंदोवोसोत दर दुसऱ्या गल्लीत तापे होतं. उकडलेल्या कसाव्याच्या कंदावर विरजणाच्या वडीची पूड भुरभुरायची, केळीच्या पानात झाकून दोन-तीन दिवस ठेवायचं, की मऊ, पिवळं, मधासारखं गोड तापे तयार. ते बांबूच्या करंड्यांत भरून मोठ्या रस्त्यावर जायचं. विरजणाशिवाय यातलं काहीच होत नाही. मग ही सगळी माणसं करत काय होती? विरजण बनवणाऱ्या कंपनीची या भागातली एकटी विक्रेती उल्फिया, आणि गेले दोन महिने तिचा आकडा घसरत होता, दर आठवड्याला थोडा, न चुकता.

महिनाअखेरीला हा विभाग बंद करायचा का ते ठरणार होतं. बंद झाला तर तिची रवानगी सुराबायाच्या गोदामात. बसने सहा तास. म्हणजे रविवारी यायचं, रविवारीच परत फिरायचं. नवरा हैरूल केतापांगच्या धक्क्यावर फेरीबोटीवर कामाला, तो पंधरा दिवसांनी एकदा उगवायचा. आणि लेक नाझिफा अकरा महिन्यांची. ती अजून अंगावर पीत होती. पेजेचा चमचा पुढे आला की ओठ असे घट्ट मिटायची, जणू कुणी शिवून टाकलेत. तिला सासूबाईंवर टाकून सहा तासांवर जायचं, हा विचार उल्फियाच्या डोक्यात आला की तिथेच थांबायचा. पुढे सरकायचाच नाही.

सव्वाआठला तिचे साहेब पाक हेंद्रो यांचा फोन, स्पीकरवर. ते सुराबायाहून रोज सकाळी सगळ्या विक्रेत्यांचा तास घ्यायचे.

"म्बाक उल्फिया, आज काय आहे?"

"छान आहे, पाक. म्हणजे, सगळे छान म्हणतायत."

"छान म्हणणारं गिऱ्हाईक म्हणजे बंद दार. दाराला धडका मारायच्या नाहीत, किल्ली शोधायची. चला, नियम सांगा."

उल्फियाने घडाघडा सांगितले. माल विसरा, माणूस बघा. हो-नाहीवर सुटेल असा प्रश्न विचारू नका. विचारल्यावर गप्प बसा, मनात सातपर्यंत मोजा. शांतता समोरच्याला सोसत नाही, तो बोलतोच. तो शेवटी जे बोलला तेच शब्द प्रश्नासारखे परत करा. आणि अडचण सापडली की लगेच माल पुढे करू नका, 'त्यामुळे काय होतं?' असं विचारत खाली खाली जा.

"शाब्बास. आता मी गिऱ्हाईक," पाक हेंद्रो म्हणाले आणि त्यांनी बाईचा बारीक आवाज काढला. "अगं बाई, बरी आलीस! माझं ना, खूप नुकसान होतंय!"

पाठीमागे सासूबाई पेज ढवळत होत्या. त्यांचा डाव एकदम थांबला. "कुणाचं नुकसान होतंय गं?"

"कुणाचं नाही, एम्बू."

"मग ती बाई रडतेय कशाला?"

बोंदोवोसोतली कुठलीही बाई अशी दारातच नुकसानीचा पाढा वाचत नाही, हे पाक हेंद्रोंना सांगावं असं उल्फियाच्या जिभेवर आलं होतं. पण ती म्हणाली, "त्यामुळे काय होतं, बू?" आणि पलीकडून तिचं कौतुक झालं.

दहा वाजता ती मरहानांच्या अंगणात स्कूटर लावत होती. गावातलं सगळ्यात मोठं तापेघर हेच. मरहाना जे घेतात ते बाकीची घरं डोळे मिटून घेतात. त्यांनी हात आखडला की सगळ्यांचा आखडतो.

घराच्या कडेला, पुढून-मागून दिसणाऱ्या पेरूच्या झाडाखाली त्यांची सून निवाती एकटीच बसून करंड्यांना केळीची पानं लावत होती. झोळीत बाळ झोपलं होतं. उल्फियाला नवल वाटलं. वाफवलेल्या कसाव्यावर विरजण भुरभुरायचं काम या घरात निवातीचं होतं. ते काम कुणालाही मिळत नाही.

"आत नाही बसलीस?"

"इथे वारा चांगला आहे," निवाती म्हणाली. झाडाचं एक पान हलत नव्हतं.

आत आठ-दहा बाया सुऱ्यांनी कसावा सोलत होत्या. मरहाना साठीच्या, किडकिडीत, डोक्याला पांढरं फडकं. त्यांनी गोड चहा आणि तळलेली केळी पुढे केली, उल्फियाच्या सासूबाईंचं, लेकीचं, नवऱ्याचं विचारलं. मग हात मांडीवर ठेवून बसल्या.

उल्फियाने सुरुवात केली. "बू, सध्या कामात तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?"

"त्रास? कोण म्हणालं त्रास होतो?"

"कुणी नाही. मी आपलं विचारलं."

"असं कसं आपलं विचारलंस? कुणीतरी काहीतरी बोललं असणार. पलीकडच्या तापेघरातली अस्मुनी बोलली ना?"

"नाही हो, बू."

"मग सगळं छान आहे."

उल्फिया गप्प बसली. मनात सात मोजले. मग चौदा. मरहाना तिच्याकडे शांतपणे बघत होत्या, पापणीही लवत नव्हती. विरजण घालताना तापेघरात चकार शब्द काढत नाहीत. चाळीस वर्षं रोज तासन् तास मुक्याने काम केलेली ही बाई. तिच्यापुढे सात म्हणजे काय? तिसाव्या आकड्याला उल्फियाचाच धीर सुटला.

"सगळं छान?" तिने शेवटचे शब्द परत केले.

"हो. सगळं छान."

"छान म्हणजे?"

"छान म्हणजे छान. तुमच्या जेंबरच्या कॉलेजात काय म्हणतात छानला?"

सोलणाऱ्या बाया फिसफिस हसल्या. उल्फियाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हातातून काहीतरी निसटतंय, आजचा दिवसही निसटतोय, आणि महिना संपायला अकरा दिवस उरलेत. घाईघाईत तिच्या तोंडून निघून गेलं:

"म्हणजे समजा, बू, एखाद्या वेळी घाणा बिघडला, तर त्यामुळे काय—"

सगळ्या सुऱ्या थांबल्या.

तापेघराच्या छपराखाली 'बिघडला' हा शब्द काढायचा नसतो. हे उल्फियाला काय माहीत नव्हतं? ती याच गावची. लहानपणी मावशीच्या तापेघरात 'आंबट' एवढंच म्हणाली होती, तर मावशीने तोंडावर चापट मारून तिला बाहेर काढलं होतं. तापे बिघडतं ते हाताने, अंघोळ न केलेल्या, विटाळातल्या, मनात वाईट आणणाऱ्या हाताने. आणि शब्दाने. हे सगळं ठाऊक असून पाक हेंद्रोंचा पाचवा नियम तिच्या जिभेवरून घरंगळला होता.

"चहा संपव," मरहाना म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "आणि जाताना मागच्या दाराने जा. पुढच्या दारात मीठ टाकावं लागेल आता."

मागच्या दाराने म्हणजे बदकांच्या कुंपणातून. उल्फिया दाताखाली ओठ धरून निघाली. स्वतःचाच इतका राग आला होता की समोर काय चाललंय ते आधी दिसलंच नाही. मग दिसलं. एक बदक सरळ चालत येऊन कुंपणावर आपटलं, मागे सरकलं आणि पुन्हा तिथेच आपटलं. दुसरं मान लांब करून एका बाजूला झुकलं होतं, जणू जमीन उतरती आहे. तिसरं पाठीवर पडून पाय हलवत होतं. त्यांच्या पुढ्यातल्या डोणीत पिवळसर, पाणीदार लगदा होता. वास दारूसारखा, नाकात झिणझिण्या आणणारा.

निवाती पानांचा भारा घ्यायला तिथे आली होती. पाठीवरचं बदक बघून तिला हसू फुटलं. मग उल्फियाचं लक्ष डोणीकडे आहे हे कळताच ते जागच्या जागी विझलं.

"रोज एवढं टाकता?" उल्फियाने हळूच विचारलं.

"मला आत जायची परवानगी नाही," निवाती म्हणाली. "मला काय माहीत?" आणि भारा उचलून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी वॉर्डाच्या सभागृहात बाळांचं वजन होतं. आढ्याला टांगलेल्या काट्याच्या झोळीत नाझिफाला घातलं, तिने आकांत मांडला, काटा हलायचा थांबला. गेल्या महिन्यापेक्षा शंभर ग्रॅम कमी.

नर्सबाईंनी मान वर केली. "जेवते का नीट? काही अडचण?"

"नाही. छान जेवते," उल्फिया म्हणाली.

शब्द बाहेर पडले आणि तिचे तिलाच ऐकू आले. काल सकाळी नऊ वेळा ऐकलेला तोच सूर. आपण खोटं का बोललो? नर्सबाई काही तिला मारणार नव्हत्या. पण अडचण आहे म्हटलं की पुढचा प्रश्न न विचारताही तिथे उभाच होता: मग आईचं लक्ष कुठे असतं? दिवसभर स्कूटरवर विरजण विकत फिरणाऱ्या आईचं? रांगेत तिच्या पुढे असलेल्या तीन बायाही मघाशी 'छान' म्हणूनच पुढे सरकल्या होत्या, आणि त्यातल्या एकीचं पोर काडीसारखं होतं.

नोंदवहीवर बू अस्रिया बसल्या होत्या, सात नातवंडांची आजी, आवाज माडावर पोचेल असा. त्या कुणालाच उद्देशून नाही अशा म्हणाल्या, "माझा थोरला वर्षभर नुसत्या कुरकुरीत पापडांवर जगला. भाताचा घास तोंडात गेला की थू! मी न्हाणीघरात जाऊन रडायचे. सासूला वाटायचं, पोटदुखी आहे. ओवा द्यायची मला."

रांग हसली. आणि मग काय झालं कुणास ठाऊक, काडीसारख्या पोराची आई म्हणाली, "माझा तर फक्त माती खातो, बू." दुसरी म्हणाली, माझी रात्रभर रडते. तिसरी म्हणाली, मला दूधच येत नाही, मी डब्याचं देते आणि घरी सांगत नाही. नर्सबाईंना लिहायला पान पुरेना. उल्फिया ऐकत राहिली. तिच्याही तोंडून निघालं, "हिचे ओठ उघडतच नाहीत हो," आणि डोळे भरून आले, तेही सगळ्यांसमोर.

घरी येताना तिचं डोकं चालू लागलं. 'अडचण काय' असं विचारणं म्हणजे या गावात 'चूक कुणाची' असं विचारणं. त्याचं उत्तर 'छान' हेच येणार, सात मोजा नाहीतर सातशे. बू अस्रियांनी काही विचारलंच नव्हतं. आधी स्वतःचं नाक कापून टेबलावर ठेवलं होतं.

पण उल्फियाने काय ठेवायचं टेबलावर? तिचं काय बिघडलं होतं? ती तापे करतच नव्हती.

मग करून बघावं.

बाजारातून कसावा आणला. कंपनीचं चकचकीत पाकीट घेतलं. पूर्वी विरजणाच्या वड्या कागदात यायच्या. अडीच महिन्यांपूर्वी कंपनीने ही प्लास्टिकची पाकिटं काढली, आणि 'आता दमट हवेची भीती नाही' असं दारोदार सांगत उल्फियाच फिरली होती. तिच्या पिशवीच्या तळाशी कागदातल्या जुन्या वड्यांचा एक पुडा उरला होता, तोही काढला.

"केस धुतलेस?" सासूबाईंनी विचारलं.

"धुतले, एम्बू."

"मग आता बोलू नकोस. मनात कुणाला शिव्या देऊ नकोस. तुझ्या त्या रडणाऱ्या बाईलासुद्धा नाही."

कागदातली वडी बोटांत चुरली, कोरडी पूड झाली. पाकीट कापलं, तर आतून घामेजलेलं. वडी बोटाला चिकटली. उजेडाकडे धरल्यावर प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे बारीक थेंब दिसले, मोहरीएवढे. उल्फिया ते बघत राहिली. बोलायचं नव्हतं, नाहीतर तिने काय काय म्हटलं असतं. कोरड्या थंड कारखान्यात बांधलेली ही पाकिटं इथल्या पत्र्याच्या छपरांखाली पडून राहतात, आणि दुपारी पत्रा तापला की वडीतलाच ओलावा बाहेर येऊन आत कोंडतो. कागद निदान श्वास घ्यायचा. चार वर्षं अन्नशास्त्र शिकून हे तिला पाकीट नाचवताना सुचलं नव्हतं.

दोन भांडी, एकाच पातेल्यातला कसावा, एकच फडकं.

दोन दिवसांनी एका भांड्यात मधासारखं तापे होतं. दुसऱ्यात बदकांच्या डोणीतला लगदा.

तिच्या डोळ्यांपुढे पेरूचं झाड आलं. निवातीला बाळ झालं चार महिन्यांपूर्वी. विटाळ संपवून, न्हाऊन ती कामावर परतली, त्याच सुमाराला पाकिटं आली. नऊही घरांत अशीच कुणी ना कुणी झाडाखाली बसली असेल. कुणाची सून, कुणाची बहीण, कुणाची नवी कामवाली. आणि घरं एकमेकींना सांगत असतील: सगळं छान.

तिने पाक हेंद्रोंना फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडे शांतता पसरली. उल्फियाने सवयीने मोजली, चारवरच संपली.

"म्बाक, तुम्हाला ग्राहकाची अडचण शोधायला सांगितली होती. आपली नाही."

"दोन्ही एकच आहेत, पाक."

"तुमच्या स्वयंपाकघरातल्या एका भांड्यावरून कंपनीचं पाकीट खराब ठरत नाही. नमुना पाठवा. प्रयोगशाळेचा अहवाल येईल. तोवर बाहेर एक शब्द नाही."

"किती दिवस लागतील?"

"सहा आठवडे. फार तर आठ."

"आणि महिनाअखेरीचं काय? विभाग बंद..."

"ते आकड्यांवर ठरेल. मी काय करू? आणि ऐका, तुम्ही बोललात आणि माल परत आला, तर तो आकडा तुमच्याच नावावर उणे पडेल. मला वाचवता येणार नाही."

फोन ठेवल्यावर उल्फियाने नाझिफाला उचललं. पोरीने तिच्या डोक्यावरच्या जिल्बाबची कडा तोंडात घातली. पेज सोडून जगातलं सगळं तिला चालायचं. न बोलता सुराबाया, बोलून तर नक्कीच सुराबाया. हिशोब सरळ होता, आणि त्याच्या सरळपणाचीच तिला चीड येत होती. इतके दिवस माणसांनी बोलावं म्हणून दाताच्या कण्या केल्या, आणि आता बोलायची पाळी तिच्यावर आली तर तिला म्हणे गप्प बस.

सकाळी ती मरहानांच्या मागच्या दाराशी गेली. कुंपणाच्या बाहेरच थांबली, हातात दोन डबे. हाक मारली.

"पुढून यायचं सोडून हे काय?" मरहाना दारात आल्या. अजून आवाजात मीठ होतंच.

"आत बोलायचं नाहीये, बू. मी घरी तापे केलं होतं. माझं बिघडलं."

"शू!" मरहानांनी मागे वळून बघितलं, दार ओढून घेतलं आणि झपाझप कुंपणापर्यंत आल्या. "हळू बोल. न्हायली नव्हतीस का?"

"न्हायले होते. केस धुतले होते. एम्बू समोर बसल्या होत्या. दोन भांडी केली, बू. एकाच हाताने, एकाच वेळी." तिने डबे उघडून कुंपणाच्या फळीवर ठेवले. "हे जुन्या कागदातल्या वडीचं. हे नव्या पाकिटातल्या वडीचं."

पुढे काय बोलायचं ते तिने रात्री ठरवलं होतं, पण ते आठवेना. ती नुसती उभी राहिली. मोजलंही नाही. मरहाना एकदा या डब्यावर वाकल्या, एकदा त्या. बोट बुडवलं नाही, वास पुरला. पाठीमागे एक बदक डोणीत चोच आपटत होतं.

"पाकीट किती दिवस घरात होतं?" मरहानांनी विचारलं.

"तीन आठवडे."

"माझं तर अडीच महिन्यांचं आहे. मोठा खोका घेतला ना मी." आणि मग त्या एकदम सुरू झाल्या. "पहिल्यांदा वाटलं, कसाव्याला पाऊस लागला असेल. मग वाटलं, चुलीचा धूर. मौलवींना बोलावून दुआ केली. मडकी बदलली. रात्री सगळ्या झोपल्या की मी एकटी न्हायले, एकटीने विरजण घातलं. तरी तेच. मला वाटलं, माझाच हात गेला. चाळीस वर्षांचा हात! निम्मा माल करते आता, पोरी. अस्मुनीला सांगितलं, गुडघे दुखतात म्हणून कमी करते. ती म्हणाली, माझेही दुखतात." त्या गर्रकन वळल्या. "आणि हे चकचकीत पाकीट माझ्या ओसरीवर नाचवत कोण आलं होतं?"

"मी."

"दमट हवेची भीती नाही, कोण म्हणालं होतं?"

"मीच म्हणाले होते, बू."

"कॉलेजात शिकलेली!"

उल्फियाने मान खाली घातली. यासाठी पाक हेंद्रोंचा कुठला नियम नव्हता.

मरहानांचा राग तिच्यावरून सरकत पेरूच्या झाडापर्यंत गेला आणि तिथे अडला. त्यांच्या ओठांची हालचाल झाली. "मग मी दोन महिने तिला…" पुढचं वाक्य आलं नाही. उल्फिया वाट बघत राहिली. आता तरी येईल, आता म्हणतील. मरहानांनी घसा खाकरला आणि हाळी दिली.

"निवाती! झाडाखाली काय बसलीयेस? आत कसावा निवून चाललाय. हात धू आणि ये."

एवढंच. जणू सुनेनेच दोन महिने आळस केला होता. उल्फियाने संतापून डब्यांची झाकणं थाडकन लावली.

निवातीने मान वर केली. सासूकडे पाहिलं, फळीवरच्या दोन डब्यांकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मग तिने झोळीतलं झोपलेलं बाळ उचलून मांडीवर घेतलं.

"याला पाजून येते," ती म्हणाली.

"झोपलंय की ते!"

"उठेल," निवाती म्हणाली, आणि झाडाला पाठ टेकून निवांत बसली. मरहाना कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. कसावा निवत होता. त्या तशाच उभ्या राहिल्या, बाळ उठेपर्यंत.

दुपारपर्यंत मरहानांनी स्वतः आठ घरांना फोन केले होते. संध्याकाळी उल्फियाचा फोन वाजायला लागला तो थांबेना. आता कुणाचंच छान नव्हतं. अस्मुनीने बहिणीला माहेरी पाठवलं होतं, तिला परत बोलवायला कोण जाणार? कंपनी जाणार का? एका घरात शेजारणीवर करणी केल्याचा आळ घेऊन झाला होता. एकीने जुनं मडकं फोडलं होतं, आजेसासूच्या वेळचं. सगळ्यांना खोके परत करायचे होते, आजच, आत्ताच, आणि तूच ये न्यायला, दुसरं कुणी नको. उल्फिया लिहीत होती. वहीतल्या आडव्या रेघांच्या वर, खाली, मधे जागा मिळेल तिथे.

महिनाअखेरीला तिचा आकडा उणे होता. कंपनीच्या आजवरच्या इतिहासात एवढा उणे कुणाचाच नव्हता, असं पाक हेंद्रो म्हणाले. त्यांचा आवाज थकलेला होता.

"शेजारच्या दोन जिल्ह्यांतूनही फोन यायला लागलेत. वरच्यांनी पाकिटं थांबवलीत. अहवाल येईपर्यंत, हं. मान्य वगैरे काही केलेलं नाही."

"आणि मी, पाक? सुराबाया?"

"सुराबायात कशाला? इथे गोदामात बसून काय करणार? तो सगळा माल परत कोण गोळा करणार? घराघरांत जाऊन सह्या कोण घेणार? मी आलो होतो परवा त्या तुमच्या बू मरहानांकडे. मला मागच्या दाराने बाहेर काढलं. तीन महिने तिथेच राहा. माल परत येऊन संपेपर्यंत. विक्रेती म्हणून नाही. परतीच्या कामावर. पगार तोच, वाढ नाही."

"तीन महिन्यांनी?"

"तेव्हाचं तेव्हा बघू. बरं, एक सांगा. उद्याच्या तासाला इतरांना सांगायचंय. त्यांच्याकडून एवढं काढून घेतलंत, तुम्ही नेमका प्रश्न कोणता विचारलात?"

"प्रश्न नाही विचारला. आमचं चुकलं म्हणून सांगितलं."

पलीकडे पाक हेंद्रोंनी सुस्कारा सोडला. "हे नाही सांगता येणार तासाला," ते म्हणाले.

उल्फियाने स्कूटरच्या मागे चार खोके दोरीने आवळले. अजून अस्मुनीकडचे सहा राहिले होते, आणि अस्मुनी खोके देण्याआधी बहिणीची कथा पहिल्यापासून सांगणार होती, काल सांगितली होती तरी. त्यात दीड तास जाणार. मग चारला घरी, मग पेजेचा वाडगा, मग ते मिटलेले ओठ. तिने दोरीला आणखी एक गाठ मारली, ओढून बघितली आणि निघाली.